एका बेटाची हजेरी

(सोलापुरात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. थोडी काटछाट करून, बोललं तसंच छापलं आहे.)



मला सांगितलं होतं की कविता म्हणायच्या. कविता म्हणीन, पण शेवटाला, वेळ उरला तर. आधी एका पोत्याची गोष्ट सांगतो.

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि तिकडं गेलो. एकदा रात्रपाळीला आमच्या टोळीला साखरेचं जहाज भरायचं काम लागलं. पन्नास किलोचं पोतं. पाठीवर घेतलं, चार पावलं चाललो आणि पुढच्या गड्याच्या पाठीवरच्या पोत्याकडं माझं लक्ष गेलं. त्यावर आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्याचं नाव छापलेलं. ज्या कारखान्याचं धुराडं बघत मी लहानाचा मोठा झालो, त्याच कारखान्याची साखर. माझ्या आयबापानं ज्याच्यासाठी ऊस तोडला, त्याचं पोतं माझ्या मागं मागं मुंबईला आलेलं. मी गाव सोडलं, पण उसानं मला सोडलं नाही.

पोती मोजणाऱ्या कारकुनाला विचारलं, साहेब, ही कुठं चालली? तो म्हणाला, आफ्रिकेच्या अंगाला. तुला काय करायचंय? उचल.

'उचल' हा शब्द तुम्हाला माहीत आहे. त्याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे पोतं उचल. दुसरा म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेले पैसे, जे फिटता फिटत नाहीत. माझ्या घरात दोन्ही अर्थ राबतात.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच खूळ भरलं. साखर समुद्रापार जाते, मग साखरेसाठी माणूस कधी समुद्रापार गेलाय का? फोर्टच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. घेतली, वाचली, शब्द अडला तिथं विचारलं. त्यातनं जे कळलं ते आज सांगायला उभा आहे. मी प्राध्यापक नाही. चुकलो तर हात वर करा.

कॅरिबियन समुद्रातली बेटं आपल्या पोरांना क्रिकेटमुळं ठाऊक आहेत. रोहन कन्हाय, अल्विन कालिचरण, शिवनारायण चंदरपॉल ही नावं आपल्यासारखीच कशी, हे आपण विचारत नाही. त्यांचे आजे-पणजे ऊस तोडायला तिकडं नेलेले मजूर होते. पण ही चाल सुरू झाली ती तिकडं नाही. ती आधी खेळून बघितली आपल्या बाजूच्या समुद्रातल्या एका बेटावर, मॉरिशसवर. तिथं जमली म्हणून मग गयाना, त्रिनिदाद, जमैका, ग्रेनाडा, सेंट लुसिया असं सगळीकडं माणूस भरून पाठवला. इंग्रजांनी या मॉरिशसच्या कारभाराला नावच दिलं होतं, 'महान प्रयोग'. प्रयोगाला उंदीर लागतात. ते आपल्या देशातनं गेले. त्यात मराठी बोलणारेही होते. म्हणून आज मॉरिशस.

बेट केवढं? आपल्या सोलापूर जिल्ह्याचे आठ तुकडे केले तर एक तुकडा, तेवढं. आजची वस्ती साधारण साडेबारा लाख. पण मजा बघा, या बेटावर मूळचा माणूस कुणीच नव्हता. अरब खलाशांना बेट ठाऊक होतं, पोर्तुगीजांना ठाऊक होतं, पण कुणी वस्ती केली नाही. १५९८ साली डच आले आणि आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव त्याला चिकटवलं. १६३८ पासून वस्ती केली. आबनुसाची झाडं तोडून विकली. डोडो नावाचा एक जाडा पक्षी होता, त्याला उडता येत नव्हतं. शंभर वर्षांच्या आत तो संपला. ज्याला उडता येत नाही आणि ज्याला मालकाची भीती अजून कळलेली नाही, त्याचं काय होतं ते डोडोनं आधीच दाखवून ठेवलं.

डचांनीच जावाहून ऊस आणला, १६३९ मध्ये. आणि उसाच्या जोडीला मादागास्करहून गुलाम. इतिहास लिहिणारे म्हणतात, डचांनी बेट 'वसवलं'. म्हणजे ज्यानं झाड तोडलं, दगड वाहिला, ऊस लावला, त्याची मोजणी नाही. ज्यानं हुकूम दिला त्याचं नाव बेटाला.

१७१० ला डच निघून गेले. १७१५ ला फ्रेंचांनी बेट घेतलं आणि नाव बदललं. पोर्ट लुई हे बंदर उभं राहिलं. मादागास्कर, मोझांबिक इथनं जहाजं भरभरून गुलाम आणले. थोडे आपल्या बंगालमधनं आणि पाँडिचेरीच्या बाजूनंही नेले, हे पुष्कळांना माहीत नसतं. १७२३ साली गुलामांसाठी कायदा लागू केला. त्याचं नाव 'काळा कायदा'. गुलाम पहिल्यांदा पळाला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा पळाला तर जीव घ्यायचा. हे वाचताना तुम्हाला कान, जीभ, शिसं असलं कायबाय लिहिलेलं आपल्याकडचं एखादं जुनं पुस्तक आठवलं, तर त्यात माझा दोष नाही.

तरी माणसं पळत होती. बेटाच्या एका टोकाला समुद्रात घुसलेला एक कडा आहे, ल मॉर्न. पळालेले गुलाम त्या डोंगरात लपून राहायचे. तिथले लोक एक गोष्ट सांगतात. ती लोकांच्या तोंडची आहे, म्हणून तशीच सांगतो. १८३५ मध्ये गुलामी संपली आणि ती खबर द्यायला शिपाई त्या डोंगराकडं निघाले. वरच्या लोकांनी शिपाई बघितले. त्यांना वाटलं, धरायला आले. त्यांनी कड्यावरनं उड्या घेतल्या.

मित्रांनो, मी या गोष्टीवर फार विचार केला. शिपाई आजवर ज्या कामाला आला तेच काम माणसाला आठवणार. आपल्या वस्तीत रात्री जीप आली तर कुणाला वाटतं का की खुशखबर आली? स्वातंत्र्य देखील खाकी कपड्यात आलं तर माणूस कड्याकडं पळतो.

आता हिशोब बघा. बेट १८१० ला इंग्रजांच्या हाती पडलं होतं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथं गुलामी कायद्यानं संपली. साठ हजारांवर माणसं मोकळी झाली. मग नुकसानभरपाई दिली. कुणाला? मालकांना! माल गेला ना त्यांचा. इंग्रज सरकारनं साऱ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड वाटले. त्यातले वीस लाखांहून जास्त या एका बेटाच्या मालकांना. त्यासाठी सरकारनं काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. म्हणजे एकशेऐंशी वर्षं इंग्लंडचा करदाता गुलामांच्या मालकांचं देणं फेडत होता. आणि गुलामाला? फुटकी कवडी नाही. उलट शिकाऊ उमेदवार म्हणून पुन्हा त्याच मालकाकडं राबायची सक्ती, ती उठली १८३९ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला आणखी काय शिकवायचं होतं?

ती सक्ती उठली तसा बहुतेक गुलामांनी मळा सोडला. ज्या रानात बापाच्या पाठीवर चाबूक पडला त्या रानात पैसे घेऊनही उभं राहायचं नाही. किनाऱ्याला गेले, मासे धरले, डोंगराच्या कडेला झोपड्या घातल्या. मालकाला आता दोनच रस्ते होते. एक तर मजुरी वाढवायची आणि माणसासारखं बोलायचं. नाही तर दुसरे भुकेले शोधायचे. मालकानं कुठला रस्ता धरला हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?

२ नोव्हेंबर १८३४. 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून पोर्ट लुईला लागलं. त्यातनं ३६ माणसं उतरली. छोटा नागपूरकडची आदिवासी माणसं. करार पाच वर्षांचा. गड्याला महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. करार म्हणजे 'ॲग्रीमेंट'. त्याचं आपल्या लोकांच्या तोंडात झालं 'गिरमिट'. आता आपल्या मराठीत गिरमिट म्हणजे काय? सुताराचं हत्यार, भोक पाडायचं. आपल्या माणसाची जीभ अडाणी असेल, पण शब्द कसा बरोबर निवडला बघा! कागद एकदा माणसाला लागला की आत फिरत जातो, आरपार.

छत्तीस माणसांपासून सुरू झालं ते १९१० पर्यंत चाललं. साडेचार लाखांच्या वर माणूस या एका बेटावर उतरला. जास्तीत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईहून सगळ्यात कमी, पण गेले. रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं, समुद्र बघितलेली, भात पिकवणारी, भात न उरणारी. तेव्हा मुंबईला प्रिन्सेस गोदीसुद्धा नव्हती, ती झाली १८८० ला. जहाज खोल पाण्यात उभं राहायचं आणि बंदरावरनं होडीतनं माणूस जहाजावर चढवायचा. ज्या पाण्यात मी पाळी संपल्यावर पाय धुतो त्याच पाण्यावरनं ती माणसं गेली. तिथं त्यांच्या नावाची एक फरशी नाही. साहेबांची नावं आहेत, शेठजींची आहेत.

भरती करणारा त्यांना काय सांगायचा? तिकडच्या जुन्या माणसांत ही गोष्ट अजून सांगतात, की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं. माणसं गेली. दगड सापडले, काळे, ज्वालामुखीचे, सारं रान भरलेलं. ते हातानं उचलले, रचले, रान मोकळं केलं आणि ऊस लावला. मॉरिशसच्या उसात आजही काळ्या दगडांचे मोठे मोठे ढीग उभे आहेत. बघणाऱ्यांना वाटतं, देवळं आहेत की काय. देवळं नाहीत. हाडं आहेत आपली. सोनं मात्र निघालं, नाही असं नाही. ज्यानं दगड उलटला त्याला मिळालं नाही, एवढंच.

पोर्ट लुईच्या बंदरात मजूर उतरवायची जागा होती. आज तिला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. सोळा पायऱ्या. त्या चढून वर गेलं की माणसाला एक नंबर मिळायचा. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. आणि जात. हो, जातीचा रकाना होता. सगळं मागं टाकून समुद्र ओलांडला, तरी सोळा पायऱ्या चढून वर गेलं की टेबलावर जात हजर.

आता मळ्यातला कायदा ऐका. त्याला ते म्हणायचे 'डबल कट'. एक दिवस कामाला गेला नाही, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी पडलास? कापली. बायको बाळंत झाली? कापली. महिना भरला की कळायचं, मजुरी घ्यायची नाही, द्यायचीच आहे.

माझी आय हे ऐकत होती. मी घरी गेलो होतो तेव्हा तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आरं, ह्यो तर खाडा." मी गप झालो. खाडा! आपल्या ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोन माणसं, हिशोबात एक हत्यार. एक दिवस तोडीला गेलं नाही की मजुरी तर जातेच, वर खाड्याचा दंड उचलीत चढतो. मला आठवतं, माझी धाकटी बहीण तापानं फणफणली होती. आय एक दिवस कोपीवर थांबली. मुकादमानं वहीत खाडा लिहिला. बहीण बरी झाली, खाडा बरा झाला नाही. पुढच्या हंगामापर्यंत तो आमच्या मानगुटीवर होता. २०१९ साली बीडकडच्या ऊसतोड बायांची बातमी साऱ्या देशानं वाचली. गर्भपिशवी काढून टाकलेल्या बाया, का, तर पाळीचे दिवस आले की खाडा पडतो. मॉरिशसचा डबल कट पुस्तकात गेला. आपला चालू आहे. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांतल्या एका जिल्ह्यात मी हे बोलतोय, विसरू नका.

पुढं १८६७ साली तिथं आणखी एक कायदा केला. करार संपलेला जुना मजूर मोकळा फिरतो, स्वतःचं काहीतरी करायला बघतो, हे मालकांना सोसेना. म्हणून त्याच्या गळ्यात पास अडकवला. त्यावर त्याचा फोटो, आणि फोटोचे पैसे त्याच्याच खिशातले. पास घरी राहिला तर तुरुंग. एका भागातनं दुसऱ्या भागात परवानगीशिवाय गेला तर तुरुंग. एकेका वर्षात हजारो माणसं भटकी म्हणून धरली.

मग काही लोक उठले. अदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा एक गोरा मळ्याचा कारभार बघायचा. त्याला हे बघवलं नाही. त्यानं जुन्या मजुरांच्या नावानं अर्ज लिहिला. ९४०१ मजुरांनी त्यावर सह्या-अंगठे दिले. साल १८७१. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारलं, बेटावरनं हाकला म्हणून गव्हर्नरकडं अर्ज केले. पण चौकशी बसवावी लागली. १८७२ ला आयोग आला, १८७५ ला अहवाल आला, आणि मजूर जे बोलत होते ते खरं निघालं.

आता हे साल ध्यानात ठेवा, १८७१. त्याच साली आपल्या देशात इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. आणि मग आपल्या ह्याच सोलापुरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट उभी राहिली. आत पारधी, कैकाडी, मांगगारुडी. पोर आईच्या पोटातनं बाहेर पडलं की गुन्हेगार. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. आणि तारेच्या आतली माणसं कामाला कुठं? गिरण्यांत. म्हणजे मॉरिशसला उसासाठी जे केलं, ते सोलापूरला सुतासाठी केलं. पास तोच, हजेरी तीच, साहेबही त्याच सरकारचा. ती तार तुटली १९५२ साली, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाल्यावर. सोलापूरच्या पोरांनो, बेटाचा इतिहास बघायला मॉरिशसला जायची गरज नाही. सेटलमेंटच्या रस्त्यानं चालत जा. तेही बेटच होतं. पाण्याच्या जागी काटेरी तार होती, एवढाच फरक.

रत्नागिरी जिल्ह्यातलेच गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ ला कौन्सिलात गिरमिट बंद करा म्हणून ठराव मांडला. तो पडला. शेवटी १९१७ ला देशातनं गिरमिटावर माणूस पाठवणं बंद झालं. पण एवढ्यानं मळा मोकळा झाला नाही. तिथले मजूर पुढंही लढत राहिले. १९३७ ला छोट्या ऊसवाल्यांना भाव कमी दिला म्हणून दंगा झाला, गोळीबार झाला. १९३८ ला पोर्ट लुईच्या गोदी कामगारांनी संप केला. माझे लोक! गव्हर्नरनं आणीबाणी लावली आणि कामगारांचा पुढारी इमॅन्युएल आंकेतिल याला दूरच्या रॉड्रिग्ज बेटावर नेऊन टाकलं. १९४३ ला बेल व्ह्यू हारेलच्या मळ्यात संपावरच्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार मेले. त्यात अंजले कुपेन नावाची बाई होती, पोटुशी. आज तिच्या नावाचं स्टेडियम आहे. बाईला जगू दिलं नाही, मग तिच्या नावावर फुटबॉल खेळले. हे आपल्याकडंही चालतं.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. पण त्या आधी, १९६५ ला, इंग्रजांनी चागोस नावाची लहान लहान बेटं मॉरिशसपासून कापून स्वतःकडं ठेवली. त्यातल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ पाहिजे होता. तिथं माणसं राहत होती, खोबऱ्याच्या मळ्यांत राबणारी, गुलामांचीच लेकरं. कागदावर लिहिलं की ही येऊन-जाऊन असणारी मजूर माणसं, रहिवासी कुणी नाहीत. आणि १९६८ ते १९७३ मध्ये साऱ्यांना उचललं. त्यांची कुत्री धुरात कोंडून मारली. शेवटचं जहाज पोर्ट लुईच्या धक्क्याला लागलं तेव्हा त्यातली माणसं उतरायला तयार नव्हती. घर द्या, मग उतरतो. मी रोज धक्क्यावर माल उतरताना बघतो. उतरायला नकार देणारा माल मी कधी बघितला नाही. माणूस आणि माल यांच्यात फरक काय, ते त्या लोकांनी त्या दिवशी सांगितलं. २०१९ ला जागतिक न्यायालयानं मत दिलं की ही बेटं तोडणं बेकायदा होतं. २०२५ ला इंग्लंडनं बेटं परत द्यायच्या करारावर सही केली, पण त्यात तळ नव्याण्णव वर्षं राहील असंही लिहिलं. आणि चागोसच्या बाया-माणसांची तक्रार काय? टेबलावर आम्हाला बसवलंच नाही.

आता मी कडू भागाकडं येतो. इथं टाळ्या वाजणार नाहीत, मला ठाऊक आहे.

जहाजावर एकच भांडं होतं. जात बघून जेवायला तिथं जागा नव्हती. जे एका जहाजातनं गेले ते एकमेकांना जहाजीभाई म्हणायचे, सोयऱ्यापेक्षा सख्खे. लिहिणाऱ्यानं बापाचं नावच आडनाव करून टाकलं. म्हणजे ज्या आडनावाला आपण इथं घाबरतो, नोकरी मागताना, खोली भाड्यानं घेताना, ती भानगडच गेली. मी वाचलं आणि रात्रभर खुशीत होतो. म्हणलं, चला, एक तरी बेट सापडलं जिथं आडनाव विचारत नाहीत.

पुढचं पान वाचलं. मजुरी साठली, थोडी जमीन झाली, देऊळ झालं, आणि जात पेटीतनं बाहेर काढली. तिकडच्या क्रिओल बोलीत दोन शब्द आहेत, 'ग्रां नासियों' आणि 'ती नासियों'. मोठी जात आणि बारकी जात. रविदासांना मानणाऱ्यांना आपली वेगळी सभा उभी करावी लागली. निवडणुकीचं तिकीट कुणाला, यात आजही जात मोजतात. आडनाव गेलं, जात राहिली. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जो निबंध वाचला त्यात केतकरांचा इशारा नोंदवला होता, की हिंदू दुसऱ्या देशांत गेला तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. तो निबंध वाचला तेव्हा मॉरिशसवर ते होऊन बसलंच होतं.

आणि त्याहून कडू. आपला मजूर तिथं गेला म्हणून गुलामीतनं सुटलेल्या काळ्या माणसाची किंमत पडली. तो मजुरी वाढवून मागणार होता, तेवढ्यात मालकानं आपल्याला आणून त्याच्या जागी उभं केलं. आपण त्याचे वैरी नव्हतो, आपल्याला माहीतही नव्हतं. पण आपल्याला वापरलं. मग पुढं आपल्यातल्या काहींनी जमीन घेतली, शाळा शिकले, सरकार चालवलं. आणि गुलामांची लेकरं, ज्यांना तिथं क्रिओल म्हणतात, ती किनाऱ्याला, गोदीला, वस्तीच्या कडेला राहिली. १९९९ मध्ये काया नावाचा त्यांचा गायक होता. सेगा आणि रेगे मिसळून गाणारा. पोलीस कोठडीत मेला. तीन-चार दिवस बेट पेटलं होतं. मी कवी आहे, म्हणून त्याच्याबद्दल वाचताना माझा घसा दुखला. ज्या देशात गिरमिटियांचे नातू राज्य करत होते, त्या देशाच्या कोठडीत गुलामांचा नातू मेला.

याचा अर्थ लावायला पाहिजे. आपण सोसलंय म्हणून आपण आपोआप चांगले होत नाही. सोसलेला माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढू शकतो. जोतिबांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. कधी न बघितलेल्या काळ्या माणसाचं दुःख त्यांनी आपल्या दुःखाच्या शेजारी मांडलं. खाली नाही, वर नाही, शेजारी. मॉरिशसला गेलेल्यांच्या पेटीत रामायण होतं, अभंग असतील, जोतिबा नव्हते. ते असते तर बेट वेगळं झालं असतं, असं मला वाटतं.

तरी तिथल्या लोकांनी एक गोष्ट केली ती मान्य करायला पाहिजे. २००९ साली सत्य आणि न्याय आयोग नेमला. गुलामी आणि गिरमिट, दोन्हींची एकत्र चौकशी केली. २०११ ला अहवाल आला. १ फेब्रुवारी गुलामी संपल्याची सुट्टी, २ नोव्हेंबर गिरमिटिये उतरल्याची सुट्टी. आपल्याकडं वेठबिगार संपल्याची सुट्टी कुठल्या तारखेला असते?

तिथले मराठी लोक अजून आहेत. कास्कावेल हे गाव मराठी माणसांचं म्हणून ओळखतात. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात. गणपतीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून नाचतात. पाय तेच, ठेका तोच. गावाचं नाव विसरलं तरी पायाला रस्ता आठवतो.

आणि पोत्याचं काय झालं? १९८० ला पोर्ट लुईला सुटी साखर जहाजात ओतायचं टर्मिनल आलं. पोतं गेलं, पाठ रिकामी झाली. पोतं वाहणाऱ्या गोदी कामगारांचं काम गेलं, त्यातले पुष्कळ क्रिओल. मुंबईच्या पलीकडं न्हावाशेवाचं बंदर १९८९ ला सुरू झालं, कंटेनर आले, आणि आमच्याही टोळ्या बारीक होत गेल्या. ज्याची पाठ मोडली त्याला पाठ मोडायचं कामही उरलं नाही.

शेवटचं सांगतो आणि बसतो.

मॉरिशसला मोका नावाच्या गावी महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बाप, गाव, जात, खूण. त्या लिहिल्या होत्या माणूस पळाला तर धरायला. आज नातवंडं येतात आणि त्याच वहीत आपला पणजा शोधतात. ज्या वहीनं बांधलं, त्याच वहीनं गाव सापडतं.

आमच्या आयबापाची वही कुठं आहे? ऊसतोड मजुरांना ओळखपत्रं द्यायला लागलेत, चांगलं आहे. पण खाडा कुठल्या सरकारी कागदावर आहे? उचल किती, फिटली किती, फडात बाळंत किती झाल्या, साप चावून किती गेले? ती वही मुकादमाच्या बगलेत आहे आणि हंगाम संपला की ती चुलीत जाते.

म्हणून माझं मागणं असं आहे. हा हंगाम सुरू झाला की तुम्ही इथले पंधरा-वीस जण, लिहितावाचता येणारे, सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या तळावर जा. कोप्यांत बसा. आधी चहा प्या, नुसते प्रश्न विचारू नका. मग वही काढा आणि लिहा. नाव, गाव, उचल, खाडा. बाईचं नाव वेगळं लिहा, अर्धा कोयता म्हणून नाही. जातीचा रकाना ठेवायचा का, यावर भांडा. मला वाटतं ठेवायचा, कारण उसाच्या फडात कोणती जात आहे आणि कारखान्याच्या संचालक मंडळात कोणती, हे एकदा शेजारी शेजारी लिहिलेलं दिसू दे. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवा. चुकलं असेल तर ते सांगतील.

आजवर आपली हजेरी दुसऱ्यानं घेतली. एकदा आपली आपण घेऊ.

माझ्या आयचं नाव पहिल्या पानावर लिहा. खूण विचारलीत तर लिहा, डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याचा वण. गाव मी सांगतो.

कविता राहिली. पुढच्या वेळी. जयभीम.